देवीसमोरचा होकार

गेल्या मार्गशीर्षात, जत्रेच्या दिवशी, गाऱ्हाण्यात एक वाक्य घातलं गेलं. जबाबदार: माझा चुलतभाऊ बाबल, ज्याच्याकडे देवीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान आहे.

फाल्गुनात, शिमग्याच्या तोंडावर, त्या वाक्याला मिळालेली उत्तरं ‘सर्वानुमते मंजुरी’ म्हणून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लावली गेली. जबाबदार: बाबलचा मुलगा प्रवीण, मुक्काम बोरिवली, ग्रुपचा ॲडमिन आणि आमच्या मुंबई मंडळाचा सचिव.

चैत्रात, पाडवा होऊन गेल्यावर, देवीच्या रानाला रस्त्याच्या बाजूने जेसीबी लागला. जबाबदार: वरील दोघे, आणि ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर हात जोडले ते सगळे. त्या सगळ्यांत मीही येतो.

वैशाखात, मी वारंवार विचारत असलेल्या एका प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी, ग्रुपवर लिहिण्याची मुभा फक्त ॲडमिनपुरती ठेवण्यात आली. जबाबदार: पुन्हा प्रवीण.

आता कार्तिक संपत आला आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सातविणीचं झाड आहे, ते फुललं आहे, आणि संध्याकाळ झाली की त्याचा उग्र, डोकं धरायला लावणारा वास आमच्या खिडकीपर्यंत चढतो. या वासाविरुद्ध सोसायटीच्या सभेत दरवर्षी तक्रार येते, झाड तोडण्याचा ठराव मांडला जातो, आणि दरवर्षी मी त्याला लेखी हरकत घेतो. हरकतीत मी कायदा लिहितो. खरं कारण लिहीत नाही. खरं कारण असं की, मुलुंडमध्ये हा वास सुटला की मला कळतं, गावात भात उकडायला सुरुवात झाली.

भात उकडण्याचा तो काळ ज्याने पाहिला नाही त्याला कोकणातली थंडी कळली असं मी मानणार नाही. कापणी, झोडणी आटोपलेली असायची. परसात तीन दगडांवर भलंमोठं तांब्याचं भांडं चढायचं, खाली नारळाच्या झावळ्यांचा आणि सोडणांचा, म्हणजे सुक्या सालींचा, जाळ. पहाटेच्या धुक्यात भाताची वाफ मिसळली की कुठे धुकं संपतं आणि कुठे वाफ सुरू होते ते ओळखता येत नसे. त्या वाफेला एक जडसर, गोड, किंचित आंबूस वास असतो. तो आईच्या केसांना लागायचा, आमच्या स्वेटरांना लागायचा, शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलाच्या अंगालाही तोच. सगळं गाव काही दिवस एकाच वासाचं होऊन जायचं. मग ते उकडलेलं भात खळ्यात पसरायचं आणि कोंबड्यांना हुसकवायला आम्हाला बसवायचं. खळं म्हणजे घरापुढचं अंगण, पण अंगण या शब्दाने त्याचं काम सांगून होत नाही. पावसाने त्याची दरवर्षी माती होते. दरवर्षी थंडीत ते नव्याने खणायचं, पाणी शिंपून लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून सपाट करायचं आणि शेणाने सारवायचं. वाडीत सगळीकडून तो ठोकण्याचा आवाज येई. कोणाचं खळं तयार झालं आणि कोणाचं मागे राहिलं, हे घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगता येत असे.

मुंबईला गिरणीत काम करणारे माझे वडील वर्षातली रजा गणपतीला न घेता या दिवसांसाठी राखून ठेवत. खळं करायचं, भात उकडायचं आणि जत्रा करून परत जायचं. एका वर्षी त्यांना गुरांच्या गोठ्यासाठी एक वासा हवा होता. त्या पावसाळ्यातल्या वादळाने देवीच्या रानात एक जुनं किंजळीचं झाड आडवं झालेलं होतं. कोणी तोडलेलं नव्हतं, आपणहून पडलेलं. आमच्या गावाचा नियम असा, की देवीच्या रानातली चुलीपुरती वाळकी काटकीही उचलायची नाही. काही घ्यायचंच असेल तर आधी कौल लावायचा. देवीच्या दोन्ही अंगांना ओले तांदूळ चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. वडील आंघोळ करून गेले, त्यांनी कौल लावला, आणि दाणा डावीकडचा पडला. मी म्हणालो, “बाबा, झाड तर पडलंच आहे. कुजून जाईल.”

“देवीन नाय म्हटल्यान,” वडील म्हणाले. “संपला.”

वासा त्यांनी बाजारातून आणला. ते झाड जिथे पडलं तिथेच राहिलं. पुढच्या काही वर्षांत त्याच्यावर शेवाळ चढलं, अळंबी आली, त्याच्या पोटात कसली कसली बिळं झाली आणि शेवटी ते मातीच होऊन गेलं. रानाच्या मधोमध एक झरा आहे. भर उन्हाळ्यात सगळ्या विहिरी तळाला गेल्या तरी आटत नाही. त्या झाडाची माती झऱ्याच्या काठाला मिळाली. पुढे मी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून उभा जन्म नोकरी केली, हजारो हुकूम हाताखालून गेले. पण हुकूम म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकलो. आपल्या सोयीविरुद्ध गेला तरी जो पाळावा लागतो, तो हुकूम.

हे सगळं मी गावात बसून लिहीत नाही, याची मला जाणीव आहे, आणि बाबल ती मला सतत करून देतो. मी गावी जाऊ शकत नाही. माझी पत्नी शालिनी, तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि तिला एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. गावाला जायला एक दिवस, यायला एक दिवस. मधला दिवस उरत नाही. घर ते रुग्णालय, रुग्णालय ते घर, एवढाच आमचा परीघ. लांबून खिडकीतून डोंगर दिसतो. मी गाव शेवटचं पाहिलं त्यानंतर तिथे नवीन पूल झाला, शाळेची इमारत पाडली, माझा बालमित्र वारला. हे सगळं मी ग्रुपवर पाहिलं. मित्राचा फोटो फुलांच्या चौकटीत आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याच्या खाली लगेच कोणीतरी बाजारात आलेल्या सुरमईचा फोटो टाकला. मी चिडून लिहिलं, निदान काही वेळ थांबायला हवं होतं. प्रवीणने उत्तर दिलं: “काका, नेटवर्कमुळे मागेपुढे झालं ना.”

तरी मी त्या ग्रुपवर दिवसातून कितीदा जातो ते सांगायला मला संकोच वाटतो. शालिनीचं माहेर आमच्या शेजारच्या गावातलं, पण देवी एकच. डायलिसिसच्या खुर्चीत तिचा एक हात यंत्राला बांधलेला असतो. दुसऱ्या हातात माझा फोन. “अहो, बघा, बाबलभावजींचं खळं सारवून झालं. यंदा लवकर केलं हो.” मग फोटो मोठा करून बघते. “सारवलंय पण कडेला ओघळ राहिलेत. वहिनींचा हात नाही हा, सुनेचा आहे.” तिचं निदान सहसा चुकत नाही. यंत्र तिचं रक्त बाहेर काढून पुन्हा आत सोडत असतं, आणि ती शेकडो मैलांवरच्या शेणाच्या सारवणाची परीक्षा करत असते.

गेल्या वर्षी जत्रा नेमकी तिच्या डायलिसिसच्या दिवशी आली. प्रवीण गावी गेला होता. त्याने गाभाऱ्यातून थेट प्रक्षेपण लावलं. त्याबद्दल मी त्याला तेव्हा धन्यवाद दिले होते आणि ते परत घेत नाही. देवीचा मुखवटा दिसला तशी शालिनी खुर्चीत सावरून बसली. बाबल पुढे झाला, डोक्यावर उपरणं, आवाज तसाच भरदार. गाऱ्हाणं म्हणजे देवीला मोठ्याने केलेली विनवणी. एकजण वाक्य म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळा जमाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. आमच्यात मूल बोलायला लागतं तेव्हापासून त्याला हे येतं. ते शिकवावं लागत नाही. आवाज जिथे उतरतो तिथे तोंड आपोआप उघडतं.

“बा देवी माये, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. गावची हत, मुंबयची हत, परमुलखातली हत.”

“व्हय म्हाराजा,” शालिनी म्हणाली. मीही म्हणालो. आणि फोनवर अक्षरांचा, जोडलेल्या हातांचा पाऊस सुरू झाला. तोच होकार मीही तिच्या हातातल्या फोनवर लिहून पाठवला.

“कोणाची नोकरी, कोणाचा लगीन, कोणाचा दुखणा, ज्या काय नडला आसात ता तू सोडव.”

“व्हय म्हाराजा!” शालिनीचा आवाज वाढला. शेजारच्या खुर्चीतल्या घाटकोपरच्या जयाबेन कुतूहलाने वाकून पाहू लागल्या. “सु छे, शालूबेन? पूजा है क्या?” शालिनीने फोन त्यांच्याकडे थोडा फिरवला. पुढच्या वाक्याला जयाबेनही म्हणाल्या, “होय महाराज.” त्यानंतरच्या वाक्याला पलीकडचे एक गृहस्थ, मग नर्स. त्या पांढऱ्या खोलीत, यंत्रांच्या घरघरीत, आम्ही सगळे देवीला हो म्हणत होतो. शालिनी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवसाइतकं मला गाव जवळ आलेलं आठवत नाही.

त्याच भरात ते वाक्य आलं.

“आणि माये, तुझ्या रानाच्या कडेक गाड्यांक जागा करूचो लेकरांका हुकूम दी.”

“व्हय म्हाराजा.”

मी म्हणालो. शालिनी म्हणाली. जयाबेन म्हणाल्या. मी ते वाक्य ऐकलं का? कानांनी ऐकलं. पण गाऱ्हाण्यात कोणी एकेक वाक्य पारखून त्यावर मत देत नसतं; आजवर कोणत्याही गाऱ्हाण्यात कोणी मध्येच ‘नाय म्हाराजा’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि कोणी म्हटलंच तर त्याला वेड लागलं असं समजून लोक त्यालाच देवीपुढे आणून बसवतील.

शिमग्याच्या तोंडावर ग्रुपवर पडद्याची छायाचित्रं आली. आमचे सगळ्यांचे होकार, ओळीने, नावांसकट. वर प्रवीणचा मजकूर: मुंबईकर मंडळींनी देवीसमोर एकमुखाने मंजुरी दिल्यामुळे पार्किंगच्या कामाला सुरुवात होत आहे. माझं नाव वरून तिसरं होतं. मी तात्काळ प्रवीणला फोन लावला.

“भाऊकाका, टेन्शन नका घेऊ ना,” तो म्हणाला. घरात सगळे मला भाऊच म्हणतात. “जत्रेला पार्किंगची किती वाट लागते तुम्हाला माहितीये? हमरस्त्यापर्यंत लाइन जाते. म्हातारी माणसं एवढं चालत येतात.”

“मी मंजुरी दिलेली नाही.”

“दिलीत की. ‘व्हय म्हाराजा’ लिहिलंत. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.”

“ते मी देवीला म्हणालो, प्रवीण. तुला नाही.”

“पण लिहिलंत ग्रुपवर ना?” आणि मग, हसून, “काका, तुमच्याशी बोलायचं म्हणजे पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं यार.”

“मला यार म्हणू नकोस.”

“सॉरी. पण डोन्ट वरी, झकास होणार सगळं. पेव्हर ब्लॉक घालतोय.”

प्रवीण वाईट मुलगा नाही, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. शालिनीला रक्ताची गरज पडली तेव्हा बोरिवलीहून भर पावसात तोच धावत आला होता. गावावर त्याचं प्रेम आहे. पण त्याला गाव लवकर पोचण्यासारखं हवं आहे, आणि जिथे सगळे हो म्हणाले तिथे आणखी कोणाला विचारायचं राहिलं असेल, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

मग मी बाबलला फोन केला. तो माझ्याच वयाचा. आम्ही एकाच खळ्यात कोंबड्या हाकल्या.

“भाऊ, तू थंय मुलुंडाक बसान माका कायदो शिकवतंस?” त्याने सुरुवातच तशी केली. “जत्रेक येतत त्यो गाड्यो कोणाच्यो? माझ्यो? माझ्याकडे सायकलपण नाय मरे! तुमच्यो मुंबयकारांच्यो. त्यो काय मी डोक्यार घेव?”

गाड्या आमच्याच आहेत. मी एवढंच विचारलं, “बाबल, कौल लावलंस?”

पलीकडे चुलीवर काहीतरी चरचरत होतं. वहिनी कोणाला तरी हाक मारत होत्या.

“बाबल?”

“आता जेवक बसतंय रे भाऊ. मगे बोलूया.”

ते ‘मगे’ अजून आलेलं नाही. तोच प्रश्न मी ग्रुपवर विचारला. कोणीतरी अंगठा दाखवला. पुन्हा विचारला, वर गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ येऊन पडलं. चैत्रात रानाच्या कडेची झाडं आडवी झाल्याचा व्हिडिओ आला, मागे ढोलाचं संगीत लावलेलं. त्या व्हिडिओखाली मी तोच प्रश्न लिहीत राहिलो, आणि वैशाखातल्या एका सकाळी लिहायची जागाच नाहीशी झालेली दिसली. तिथे फक्त सूचना होती की संदेश केवळ ॲडमिन पाठवू शकतात. तालुक्याच्या कचेरीला मी माहिती मागणारे अर्ज केले. अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे असं कळवण्यात आलं. संबंधित विभागाने तो पुन्हा कचेरीकडे वर्ग केला. माझे अर्ज तालुक्यात माझ्यापेक्षा जास्त फिरून आले.

तेव्हापासून माझी अवस्था अशी आहे, की मला गाव दिसतं आणि मी गावाला दिसत नाही. खळी दिसतात, बारशी दिसतात, मयतं दिसतात. माझं तोंड उघडतं, आवाज पोचत नाही. रागाच्या भरात एकदा मी शालिनीला म्हणालो, ग्रुप सोडतो.

“सोडा की,” ती म्हणाली. “सगळ्यांना दिसेल, अमक्याने ग्रुप सोडला म्हणून. गाव सोडल्यासारखं. बाबलभावजी म्हणतील, बरं झालं, ब्याद गेली. आणि तिकडचे फोटो-व्हिडिओ तुम्ही मला कुठून दाखवणार? माझ्या फोनला तेवढं झेपत नाही, माहितीये तुम्हाला.”

“मग काय करू? बघत बसू?”

“बघत नका बसू. पण माझं माहेर बंद करू नका तुमच्या रागापायी.” मग म्हणाली, “झऱ्याचं पाणी कसं होतं हो? मला आठवत नाही, थंड होतं ना?” तिला दिवसाला मोजूनमापून पाणी पिण्याची परवानगी आहे. मी म्हणालो, होतं. दात शिवशिवायचे.

आता कायद्याचा मुद्दा, कारण तो भावनेच्या पसाऱ्यात हरवू नये. गाऱ्हाण्यातलं ते वाक्य पुन्हा वाचा. ‘हुकूम दी’ असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ती मागणी आहे, अर्ज आहे. आम्ही व्हय म्हाराजा म्हणालो ते त्या अर्जाला दुजोरा म्हणून. अर्जावर अर्जदारांनी सह्या केल्या म्हणजे अर्ज मंजूर होत नाही. मंजुरी ज्याच्याकडे मागितली त्याने द्यायची असते. आमच्या गावात ती देवी देते आणि ती कौलातून देते. प्रवीणने आमच्या सह्यांनाच हुकूम ठरवलं. देवी राहिली बाजूला, आम्ही मुंबईकरच देवी होऊन बसलो. हा मान मी मागितला नव्हता, मला तो नको आहे, आणि माझ्या नावावर तो लावला गेल्याला मी याद्वारे हरकत घेतो.

कोणी म्हणेल, दाण्याच्या पडण्यावर तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने एवढा विश्वास ठेवावा? मी त्या दाण्याबद्दल वाद घालत नाही. दाणा कशाने पडतो ते मला माहीत नाही. पण प्रश्न विचारल्यावर थांबावं लागतं, सगळ्यांच्या देखत थांबावं लागतं, आणि उत्तर आपल्या मनासारखं येईलच याची खात्री नसते, एवढं मला माहीत आहे. त्या थांबण्यामुळेच ते रान इतक्या पिढ्या उभं राहिलं. सगळे एका वेळी हो म्हणू शकतील अशी सोय आमच्या पूर्वजांकडेही होती, तेही रोज देवीपुढे जमत होते. तरी त्यांनी स्वतःच्या होकारावर रान तोडलं नाही.

काल संध्याकाळी, खिडकी उघडी असताना, ग्रुपवर यंदाच्या जत्रेची तारीख आली. त्याखाली प्रवीणने लिहिलं आहे की चैत्रातल्या कामाला मिळालेला प्रतिसाद पाहता, जत्रा झाल्यावर रानाची उरलेली बाजू झऱ्यापर्यंत साफ करण्यात येईल, आणि यंदाच्या गाऱ्हाण्यातही सर्वांनी असाच भरभरून सहभाग घ्यावा. गाऱ्हाण्यापुरती लिहिण्याची मुभा सगळ्यांना खुली होणार आहे. म्हणजे आमचं तोंड केवळ हो म्हणण्यापुरतं उघडलं जाईल.

शालिनीचं त्या दिवशीही डायलिसिस आहे. ती गाऱ्हाणं ऐकणार, आणि तिने म्हणावं ते म्हणावं. तिच्या आणि देवीच्या मध्ये मी येणार नाही. मात्र माझं उत्तर ग्रुपवर स्वीकारलं जात नसल्यामुळे मी हे छापील अक्षरांत लिहीत आहे, जिथून ते कोणाला पुसता येणार नाही.

बाबल आणि प्रवीण, तुम्हा दोघांना मी जाहीरपणे विचारतो, आणि उत्तरही जाहीरपणे मागतो. खासगी फोन नको, अंगठा नको, जेवण झाल्यावरचं ‘मगे’ नको. जत्रेच्या दिवशी, गाऱ्हाण्याचा पहिला शब्द उच्चारण्याआधी, गावची आणि मुंबईची सगळी माणसं ऐकत असताना, देवीच्या समोर उभं राहून सांगा: चैत्रात पहिल्या झाडाला यंत्र लावण्यापूर्वी कौल लावला होता का? लावला असेल, तर दाणा कोणत्या अंगाचा पडला? आणि लावला नसेल, तर झऱ्यापर्यंतच्या रानाला हात लावण्यासाठी तुम्ही कोणाचा हुकूम दाखवणार आहात, ते आत्ता सांगा.